ग्रामसभा व मुलांचें म्हणणें

ग्रामसभेंत मत देण्यास वयाचीं 18 वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. परंतु आमच्या मालवण किनाऱ्याकडील गांवांत भर पावसांत वहाळ ओलांडून शाळेस जाणारें मूल साकवाची अवस्था सरपंचापेक्षां अधिक जाणतें. मग त्यास विचारूं नये काय? संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारानें मुलांस मत मांडण्याचा हक्क दिला. भारतानें तो 1992 सालीं मान्य केला. निर्णयाचा भार वडील मंडळींनींच वाहावा, हें खरें. तथापि एली याजकाकडे पाहा. बाळ शमुवेलास मिळालेला संदेश एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. तरी त्यानें तो आग्रहानें विचारून घेतला व नम्रपणें स्वीकारिला. प्रिय बंधुभगिनींनो, गोड बोलणाऱ्या बालकाचें कौतुक सर्वच करितात. आपली चूक दाखविणाऱ्या बालकाचें आपण ऐकतों काय? येत्या ग्रामसभेपूर्वीं घरच्या मुलांस विचारा, अशी आमची विनंती आहे.