खड्ड्याला पैसा, राखणीला ठेंगा

धरणासाठी, खाणीसाठी जंगल गेले की सरकार प्रकल्पवाल्याकडून भरपाई घेते. या रकमा वर्षानुवर्षे साचल्या. २०१६ मध्ये त्यांच्यासाठी प्रतिपूरक वनीकरण निधी कायदा झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींवर रक्कम दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ३,८४४ कोटी आले. पैसा नाही, ही सबब आता चालायची नाही. तो कुणाच्या हाती जातो, हे विचारायला हवे.

जंगल जूनमधल्या रोपलावणीने उभे राहत नाही. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पाला जाळतात. वारा सुटला की तीच आग डोंगर चढते. ती विझवायला हिरव्या डहाळ्या घेऊन धावतात ते जवळच्या गावचेच लोक. तोडलेल्या सागाच्या, ऐनाच्या बुडख्याला आपोआप धुमारे फुटतात. गुरे आणि वणवा दूर ठेवला, तर तिथे रोप लावायचीही गरज नसते. पण धुमाऱ्यांचे बिल निघत नाही, खड्ड्यांचे निघते! म्हणून आपण खड्डे खणत बसतो.

राखण गाव करू शकते, याला पुरावा हवा असेल तर गडचिरोलीतले मेंढा (लेखा) पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. जंगल राखण्याचा आणि ते पुन्हा वाढवण्याचा अधिकार हाच कायदा ग्रामसभेला देतो. म्हणजे अशा जमिनीवर ग्रामसभा सरकारची भागीदार आहे, ती कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. तरी निधीची किल्ली वनखात्याकडे आणि गावाच्या वाट्याला हजेरीपटावरची मजुरी, ही कसली भागीदारी?

२०१६ मध्ये या निधीच्या विधेयकावर राज्यसभेत ग्रामसभेच्या संमतीची अट घालण्याची मागणी झाली. नियमांत तिची दखल घेऊ, असे आश्वासन मंत्र्यांनी दिले. २०१८ मध्ये नियम आले तेव्हा ग्रामसभेशी किंवा वन व्यवस्थापन समितीशी नुसता विचारविनिमय करण्यावर भागवले. ज्यांच्या जंगलावर खर्च करायचा त्यांना नकाराचा अधिकार नाही, हे मला सरळ अन्यायाचे वाटते.

गावातही पैसा खाणारे असतात, असे अधिकारी म्हणतात. असतात की! पण ग्रामसभेत हिशेब मोठ्याने वाचता येतो, खात्याच्या रोपवनाचा हिशेब कोण वाचून दाखवतो? रक्कम एकदम देऊच नये. दहा वर्षे, हप्त्याहप्त्याने, उभे राहिलेले जंगल मोजून द्यावी. मोजणी आणि तांत्रिक सल्ला हे वनखात्याचे काम. कारभार मात्र ग्रामसभेचा.

वनहक्क मिळालेल्या गावांनी आता या निधीतल्या वाट्याचा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. आणि आमदार झाड लावायला आले, की त्यांच्या हाती रोपाबरोबर त्या ठरावाची प्रतही द्यावी.