मलाक्काचे चिट्टी

मलाक्कात एकाच रस्त्यावर चिनी देऊळ, १७४८ सालची मशीद आणि १७८१चं विनायकाचं देऊळ आहे. विनायकाचं देऊळ चिट्टींनी बांधलं. सुलतानांच्या काळात आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांनी स्थानिक बायकांशी लग्नं केली, त्यांचे हे वंशज. पोंगल करतात, पण बोलतात मलाय. तमिळ केव्हाच गेली.

मुलांची मराठी गेली की संस्कृती बुडाली, असं आपण सर्रास म्हणतो. मग चिट्टींचं काय बुडालं? बापाची भाषा गेली, हे नुकसान खरंच. पण आईची राहिली की! मातृभाषा म्हणतात ती हीच. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत दोघांच्या आया मेक्सिकन आहेत. त्या मुलांची स्पॅनिश गेली, तर आपल्यापैकी कोण हळहळेल?