उघडा तळहात

प्रेमाने दिलेले सारेच घेणाऱ्याला मानवते का? हा जुनाच प्रश्न मला नव्याने पडला तो देगूमुळे. देगू हा चिली देशाच्या मध्यभागातला, अँडीजच्या पायथ्याशी बिळे करून राहणारा प्राणी. मोलिना या चिलीतच जन्मलेल्या पाद्री पंडिताने १७८२ साली त्याचे वर्णन लिहिले. उंदराचाच हा दूरचा भाऊबंद. आपल्या खारीहून थोराड, शेपटीच्या टोकाला झुपका. आणि स्वारी दिवसा जागी असते! युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांना त्याचा लळा लागला, यात नवल नाही.

पण लळा लागला की माणूस दोन गोष्टी करतो: हात लावतो आणि गोड भरवतो. देगूला नेमक्या याच दोन गोष्टी सोसत नाहीत. शेपटी धरली की तिची कातडी सोलून हातात येते. रानात कोल्ह्याच्या तोंडून सुटण्याची ही त्याची युक्ती. उघडे पडलेले हाड तो मग स्वतःच कुरतडून टाकतो. पालीची शेपटी पुन्हा फुटते, याची फुटत नाही. साखरेचे तेच. वाळल्या गवतावर पोसलेल्या या देहाला गोड पचत नाही. मधुमेह जडतो, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. ‘एवढा एकच’ म्हणून पानात लाडू वाढणाऱ्या आमच्या काकूंना हे मुळीच पटायचे नाही.

पाळणारे म्हणतात, रानात तो जेमतेम वर्ष-दोन वर्षे जगतो, आमच्याकडे पाच ते आठ. हे खरे आहे. परंतु हा हिशेब मांडला कोणी? रानात त्याच्या माद्या एका बिळात राहून एकमेकींच्या पिल्लांना पाजतात. असल्या गोतावळ्यातल्या जिवाला एकट्याने पिंजऱ्यात आठ वर्षे काढायला लावणे, ही वाढवलेली शिक्षाही असू शकेल. मला विचाराल तर, पाळू नये. मात्र जे पिंजऱ्यातच जन्मले त्यांना अँडीजला कोण पोचवणार? त्यांना सोबत हवी, गवत हवे, अंग घोळायला धूळ हवी.

जाणते पाळणारे देगूला कधी पकडत नाहीत. पिंजऱ्याचे दार उघडून तळहात आत पसरतात आणि थांबतात. कधी तो येऊन हातावर बसतो. कधी लांबूनच पाहतो आणि पुन्हा आपले गवत कुरतडू लागतो.