पणतीच्या भावात म्हातारपण धरले आहे का?

दिवाळी जवळ आली की आपण कुंभाराकडून पणत्या घेतो आणि डझनामागे दहा रुपये कमी करून घेतो. भाव दोघांच्या संमतीने ठरतो. मग यात अस्तेयाचे व्रत मोडते का?

मी वाणिज्य शाखेत शिकते, त्यामुळे हा प्रश्न मला हिशेबाच्या वहीतून दिसतो. मोठ्या कारखान्यातल्या स्टीलच्या डब्याची किंमत ठरवताना पत्रा, वीज आणि मजुरीबरोबर कामगाराचा भविष्य निर्वाह निधीही खर्चात धरला जातो. त्याच्या मूळ पगार व महागाई भत्त्याच्या साधारण १२ टक्के रक्कम मालक भरतो. म्हणजे डबा घेताना आपण, नकळत का होईना, कुणाच्या तरी म्हातारपणाला हातभार लावतो. पणतीच्या भावात माती असते, भट्टीचे जळण असते, मेहनत असते. साठीनंतरचे दिवस नसतात, कारण कुंभाराला मालक नाही. खरे तर आहे, पण तो शेकडो गिऱ्हाइकांत विखुरलेला आहे, आणि त्यातले एक आपण.

सरकारी योजना आहेत. २०१९ च्या श्रमयोगी मानधन योजनेत एकोणतिसाव्या वर्षी सामील होणारा महिना १०० रुपये भरतो, सरकार तेवढेच घालते आणि साठीनंतर महिना ३००० रुपये मिळतात. पण प्रवेशाचे वय १८ ते ४०. अटल पेन्शन योजनेतही तीच अट. चाकावर बसून ज्याची कंबर आता कुरकुरू लागली, त्या पंचेचाळिशीच्या माणसाला दोन्ही दारे बंद! २०२३ ची विश्वकर्मा योजना प्रशिक्षण, अवजारे आणि ५ टक्के व्याजाने कर्ज देते. हात चालतात तोवर तिचा उपयोग.

पूर्वी मुलगा चाकावर बसे, तीच पेन्शन. आज तो शिकून दुसरे काम धरतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

तुम्ही म्हणाल, दहा रुपये जास्त दिले तरी ते पेन्शनमध्ये थोडेच जाणार? नातीची फी भरली जाईल. भरू दे. ते पैसे त्याच्या श्रमाचे आहेत, आपले दान नव्हे. त्यांचे काय करायचे हे तोच ठरवील. आपण स्वतःला एवढेच विचारावे, की संध्याकाळी पीठ घेऊन घरी जायचे असलेल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते.

आणि ओळखीचा कारागीर चाळिशीच्या आत असेल, तर एकदा त्याच्याबरोबर त्याच्या बँकेत जा. आधार कार्ड आणि पासबुक सोबत असू द्या. दिवाळीच्या आधीचे दिवस मात्र टाळा. तेव्हा त्याची भट्टी पेटलेली असते.