वहीत न उतरलेलं तेल

न्यूयॉर्कमधल्या दहा जणांची डॉक्टरांकडे एकच तक्रार होती. दिवसाला बाराशे कॅलरींच्या आत खातो, तरी वजन जागचं हलत नाही. डॉक्टरांनी त्यांना खाल्लेलं सगळं लिहून ठेवायला सांगितलं आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च वेगळ्या शास्त्रीय पद्धतीने मोजला. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांचं चयापचय ठीक होतं. नोंद मात्र प्रत्यक्ष खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होती, आणि व्यायामाचा अंदाज ५१ टक्क्यांनी जास्त.

जाड माणसं खोटं बोलतात, असा अर्थ या अभ्यासातून काढणं अन्यायाचं आहे. ही माणसं उपचारासाठी आली होती. डॉक्टरांना फसवून त्यांच्या पदरात काय पडणार होतं? खाणं नजरेतून निसटतं, हे खरं कारण. आणि ते सगळ्यांच्याच घरात निसटतं.

मराठी घरातली खाण्याच्या नोंदींची एखादी वही उघडून पाहावी. ‘दुपारी २ पोळ्या, वांग्याची भाजी, वरण.’ नोंद खरी आहे, पण पोळीला लावलेलं तेल त्यात नाही. भाजीतलं दाण्याचं कूट नाही. मुलाच्या ताटात उरलेला वरणभात ‘टाकायचा कसा’ म्हणून उभ्या उभ्या संपवला, तोही नाही. फोडणीचं तेल तर हाताच्या अंदाजाने कढईत पडतं. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज तीस ग्रॅम, म्हणजे जवळपास पावणेतीनशे कॅलरी पोटात जातात. वहीत त्यांची एकही ओळ नसते. वही प्रामाणिक ठेवायची असेल तर तिच्याशेजारी महिन्याची किराण्याची यादीही असावी.

वही खरी झाली तरी काटा लगेच झुकत नाही, आणि कसोटी लागते ती इथे. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात. रोज अडीचशे कॅलरी कमी केल्या तर कागदावर महिन्याला एक किलो उतरतं, आठवड्याला पाव किलो. खारट जेवण, पाळीचे दिवस, न साफ झालेलं पोट एवढ्यानेही वजन किलो-दीड किलो इकडचं तिकडे होतं. मग आठवडाभराच्या मेहनतीचा पाव किलो त्यात दिसणार कसा? पहिल्या आठवड्यात झरझर उतरतं त्यातही बरंचसं पाणीच असतं. शरीरातला साखरेचा साठा वापरला जातो आणि त्याच्या तिप्पट पाणी सोबत जातं. पुढे वेग मंदावतो तो ठरल्यासारखाच, कारण हलक्या झालेल्या शरीराला इंधनही कमी लागतं. रोज सकाळी काट्यावर उभं राहून दिवसभराचा मूड ठरवणारे लोक बहुतेक वेळा पाणी मोजत असतात.

हा मंद वेग नवा नाही. लंडनचे विल्यम बॅन्टिंग यांची हकिगत दीडशे वर्षांहून जुनी आहे. अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा त्यांचा व्यवसाय. साठी ओलांडली तेव्हा बुटांची नाडी बांधता येत नव्हती, जिना पाठमोरं उतरावं लागे. होडी वल्हवून पाहिली, तर भूक वाढली. अखेर ऑगस्ट १८६२मध्ये एका डॉक्टरने खाणं बदलून दिलं आणि वर्षभरात २०२ पौंडांचे १५६ झाले. १८६३मध्ये त्यांनी स्वखर्चाने पुस्तिका काढली, पुढच्या आवृत्तीत तारीखवार वजनाचा तक्ता दिला. त्यांचा आहार आज कुणी डोळे झाकून उचलू नये, पण तक्ता पाहण्यासारखा आहे. काही वेळा तीन आठवड्यांत दोनच पौंड उतरलेले दिसतात, आणि तो आकडा त्यांनी झाकला नाही.

नोंदीचा उपयोग होतो का? २००८ साली अमेरिकेत जवळपास १,७०० जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातले सहा दिवस नोंद ठेवणाऱ्यांचं वजन, एखाद्या दिवशीच किंवा अजिबात न लिहिणाऱ्यांच्या दुप्पट उतरलं होतं. मुळात चिकाटीची माणसंच नेमाने लिहितात, हेही त्यामागे असेल. तरी ज्या दिवशी लग्नात दोन जिलब्या जास्त झाल्या, तो दिवस वहीत यायला हवा. गाळलेल्या दिवसामुळे पुढचा सगळा हिशेब चुकतो, आणि माणूस न केलेल्या गुन्ह्यासाठी आपल्या चयापचयाला दोष देत बसतो.

काट्याला सगळं कळत नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःच्या शरीरावरून दाखवलं. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३. याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, युडकिन यांच्या ९.१. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६मध्ये मांडलेला अनुभव तर धीर देणारा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांनी खाणं आणि चालणं सुधारलं, तेव्हा सरासरी वजन फारसं उतरलं नाही, तरी मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला.

वहीची एक काळी बाजूही आहे. घास घेताना अपराधी वाटू लागलं, जेवण चुकवावंसं किंवा ओकून टाकावंसं वाटू लागलं, तर त्याच दिवशी वही बंद करून डॉक्टरांना गाठायला हवं. वाढत्या वयाच्या मुलींच्या हाती तर ती देऊच नये.

घरच्यांचा वाटाही यात मोठा आहे. ‘इतके दिवस झाले, फरक काही दिसत नाही’ हे वाक्य जेवणाच्या टेबलावर सहज उच्चारलं जातं, आणि त्या रात्रीची नोंद खोटी होते किंवा होतच नाही. ज्यांच्या घरात कुणी अशी वही ठेवत असेल, त्यांनी वजनाचा आकडा विचारणं थांबवावं, पानात आग्रहाने वाढू नये, आणि तेलाच्या बरणीत एक मापाचा चमचा ठेवावा.