शेंगा कुणाच्या?

थंडी पडली की पेण-रोह्याकडे पोपटीचे निरोप सुरू होतात. भात कापून झालं की खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरतात आणि ऐन थंडीत त्याच्या शेंगा भरतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर ओवा आणि जाडं मीठ लावलेल्या शेंगा, मध्ये अंडी, बटाटे, कुणाकडे केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला दाबायचा, मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. आत पाण्याचा थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्र करून उडून गेलं की झालं. सोबत घरून आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. पोपटी भोगीच्या सुमारास असली तर मामी त्यांना तीळ लावायची. देशावरची बाजरीची भाकरी आमच्याकडे फारशी कुणाला थापता यायची नाही, पण तिळाशिवाय भोगी कशी जाणार?

इतकं सगळं लिहिलं, पण शेंगा कुठून यायच्या ते टाळलं. त्या चोरलेल्या असायच्या.

रोह्याजवळच्या मामाच्या गावी आम्ही पोरं अंधारात दुसऱ्याच्या खाचरात शिरायचो. त्याला नियम होते, कुणीच न शिकवलेले. रोप उपटायचं नाही. एकाच शेतावर तुटून पडायचं नाही. ज्याचं आणलं त्याला पोपटीला बोलवायचंच. एका वर्षी शेजारचे आजोबा आले, जाळापाशी उकिडवे बसले, चार शेंगा सोलून खाल्ल्या आणि म्हणाले, "वाल चांगला आहे रे. ओवा कमी पडला." शेंगा कुणाच्या ते त्यांनी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या नातवांनी मामाचं खाचर गाठलं.

याच मुलुखात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावं इथल्याच गावांची. त्यांच्या धर्मग्रंथात, बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात, आमच्या प्रश्नावर चक्क नियम आहे. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलात तर पोटभर खा, पण भांड्यात भरून नेऊ नका. उभ्या पिकातली कणसं हाताने खुडा, विळा लावू नका. म्हणजे भुकेला हक्क आहे, साठवणीला नाही. आम्ही तर मडकंच भरत होतो! मी स्वतःची समजूत अशी घालत आलो, की ते मडकं सगळ्यांसमोर, मालकासमोरसुद्धा, रिकामं व्हायचं. मग ती साठवण कसली?

ही समजूत गेल्या जानेवारीपर्यंत टिकली.

मामेभावांनी जमीन विकली आहे. तिथे आता तारेचं कुंपण आणि प्लॉटच्या पाट्या आहेत. पलीकडच्या तुकड्यात एक मावशी खंडाने घेतलेल्या जमिनीवर वाल करतात. आम्ही सगळे मुंबई-पुण्याहून जमलो होतो आणि मुलांना 'खरी' पोपटी दाखवायची म्हणून त्यांना रात्री तिकडे पाठवलं. पाठवणाऱ्यांत मी होतो. मावशींना निरोप गेला, त्या आल्या नाहीत. सकाळी बांधावर उभ्या राहून शेत बघत होत्या. निम्म्या शेंगा रोह्याच्या बाजारात जायच्या होत्या आणि उरलेल्या सुकवून कडवे वाल करायचे होते.

नियम आम्ही सगळे पाळले होते. रोप उपटलं नव्हतं, बोलावणंही केलं होतं. तरी ही चोरीच होती, आणि ती का, याचा विचार करताना ते आजोबा पुन्हा आठवले. ते हसले, कारण त्यांची आणखी चार खाचरं होती आणि मामाचं खाचर त्यांच्या नातवांना मोकळं होतं. ज्याच्याकडून आपण घेतो त्याला आपल्याकडून घेता येत होतं, म्हणून ते वाटून खाणं होतं. मावशी आमच्याकडून काय चोरणार? आमच्याकडे आता त्या गावात चोरण्यासारखंसुद्धा काही नाही. आणि लहानपणीही, ज्यांचं शेतच नव्हतं त्यांची मुलं आमच्याबरोबर शेंगा तोडायला यायची का? मला आठवत नाही. न आठवणं हेच बहुधा उत्तर असावं.

मी पैसे घेऊन गेलो. पैशाने मेजवानीची पार्टी होते, असं मी अनेकदा तावातावाने बोललो आहे. अलिबागकडे माणशी दर लावून पोपटी विकतात, त्यावर नाक मुरडलं आहे. मावशींनी मात्र शांतपणे विचारलं, "किती किलो नेल्या असतील?" आम्ही अंदाज बांधला. त्यांनी बाजारभावाने हिशोब केला, तेवढे पैसे घेतले आणि उरलेल्या दोन नोटा माझ्या हातात परत ठेवल्या. मामीने दिलेल्या भाकऱ्या मात्र त्यांनी ठेवून घेतल्या. "तीळ लावलेत होय," एवढंच म्हणाल्या.

यंदाच्या पोपटीचा निरोप आला आहे. शेंगा मावशींकडून विकत आणू, असं मी कळवलं. भावाचं उत्तर आलं: "मग हॉटेलातच जाऊ ना." त्याला काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही. मावशींना मात्र पाच किलो सांगून ठेवल्या आहेत.