भय परक्याचे, रस आपला

निर्जन बेटावर सोडलेल्या सोळा माणसांची उपासमार घरबसल्या पाहण्यात आपले चित्त इतके का रमावे, हा प्रश्न केवळ करमणुकीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. स्वीडनमध्ये १९९७ साली ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’ या नावाने हा प्रकार दूरचित्रवाणीवर आला. २००० साली अमेरिकेत त्याचाच ‘सर्व्हायव्हर’ झाला आणि दहा लक्ष डॉलरांचे पारितोषिक त्यास जोडले गेले.

साहसामुळे रंगत येते, हे सहज सुचणारे उत्तर आम्हांस पटत नाही. चित्रण करणारा बाजूला उभा आहे, वैद्य हाकेच्या अंतरावर आहे, हे प्रेक्षक पुरते जाणून असतो. दोरीवरून चालणारा डोंबारी याहून मोठा धोका पत्करतो, आणि त्याच्यापुढे चार नाणी टाकून आपण वाटेला लागतो. खरी रंगत आहे ती निवाड्यात. ठरावीक दिवसांनी रात्री सभा भरते, गुप्त मतदान होते आणि एकास बेट सोडावे लागते. शेवटी उरलेल्यांतून विजेता निवडतात ते बाहेर पडलेल्यांपैकीच काही जण. स्वतःच्या दाव्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे आमच्या व्यवसायातले आद्य सूत्र. येथे ते पार उलटे टांगलेले आहे. ज्यास डावलले, त्याच्याच दारी मत मागावयास जायचे!

मलेशियातील पुलाउ तिगा बेटावर झालेल्या पहिल्या अमेरिकी मालिकेत अखेरीस तिघे उरले. खांबावर हात ठेवून जो सर्वांत अधिक वेळ उभा राहील, तो पुढचा माणूस घालवणार, अशी अट होती. रिचर्ड हॅच हा आपण होऊन खाली उतरला. जिंकलो तर जुना सोबती रूडी यास आपल्याच हाताने घालवावे लागेल, नाही तर सोबत नेऊन त्याच्याकडून हरावे लागेल, हा त्याचा हिशेब. घडलेही तसेच. ते काम केली नावाच्या तरुणीने केले, आणि हॅच चार विरुद्ध तीन मतांनी विजयी झाला. शब्द मोडला नाही, पण पाळला असे तरी म्हणता येईल काय? ‘नरो वा कुंजरो वा’ कीर्तनात शेकडो वेळा ऐकूनही धर्मराजाचा रथ भूमीला टेकतो त्या क्षणी मंडप स्तब्ध होतो. तो हाच पेच. या मालिकांची मोहिनी तिथे आहे, विंचू-सापांत नव्हे.

तथापि एक भेद उरतो. शाकुंतलातील दुष्यंताच्या बाणापुढे पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेऊन अभिनवगुप्ताने भयानक रसाची चर्चा केली आहे. ते भय हरिणाचे नाही, नटाचे नाही, आपलेही नाही; ‘मी’ आणि ‘तो’ गळून पडलेले असे ते भय असते, म्हणूनच आस्वाद्य होते. बेटावरची भूक मात्र कोणाची तरी असते. तिथे ज्याचा अपमान होतो, तो पडदा पडल्यावर मुखवटा उतरवून घरी जाऊ शकत नाही. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालणाऱ्या धोंडांचे भयही खरेच असते; पण त्यांनी व्रत धरलेले असते, आणि पाहणाराही हात जोडून उभा असतो. घरातल्या खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाने काय धरलेले असते?

स्वीडनच्या त्या पहिल्या मालिकेतून जो प्रथम बाहेर घालवला गेला, त्याने कार्यक्रम प्रसारित होण्यापूर्वीच, १९९७ सालच्या उन्हाळ्यात आत्महत्या केली. कार्यक्रम हेच कारण होते, असे आम्ही म्हणणार नाही. एका घटनेमागून दुसरी घडली एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. निर्मात्यांचा बचावही आम्हांस ठाऊक आहे: स्पर्धकाने राजीखुशीने सही केली, आणि पत्करलेल्या जोखमीबद्दल दाद मागता येत नाही. परंतु संमती दिली जाते ती भुकेला, पावसाला, मतदानाला. शेकडो तासांच्या चित्रणातून कापून-जोडून आपली जी मूर्ती घडवली जाईल, ती न पाहता तिला कोणी कशी संमती द्यावी? शिवाय तो करार निर्माता आणि स्पर्धक यांच्यातला. प्रेक्षक त्यात पक्षकारच नाही; त्याच्यासाठी कोणी सही केलेली नाही, आणि त्यानेही कोठे केलेली नाही.